नदीवर हौसेनं

यंदा कंपनीची सहल बँकॉकच्या ऐवजी ब्रह्मपुत्रेवर निघाली, तेव्हा जिल्ह्यातल्या ठिबक सिंचनाच्या सगळ्या डीलरांची तोंडं एकदमच उतरली. टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना कंपनी दरवर्षी कुठंतरी फिरवून आणायची. आजवर नुसते पुरुष जायचे, येताना पिशव्या भरून चॉकलेटं आणायचे आणि फोटो मात्र कुणालाच दाखवायचे नाहीत. यंदा म्हणे सहकुटुंब. तेही नदीतल्या मोठ्या बोटीवर. जेवायचं तिथंच, झोपायचं तिथंच, आणि आसामातली गावं बघत सावकाश पुढं सरकायचं.

"कुटुंब घेऊन नदीत?" कोडोलीच्या विजयसिंहांनी डीलरांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. "नदी काय आमच्याकडं न्हाय व्हय? वारणेला नेऊन बसवा की दिवसभर!"

टार्गेट गाठणाऱ्यांतल्याच राजवर्धननं घरी जेवताना तो आवाज मोठ्यानं लावला आणि हसून हसून त्याला ठसका लागला. त्याची बायको वर्षाराणी हसली नाही. तिच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीत बुडायचा तसाच राहिला. बोट, नदी, आणि कुणीतरी दुसऱ्यानं केलेलं जेवण. ऋता झाल्यापासून अडीच वर्षांत तिनं एक कप चहा गरम असताना संपवलेला नव्हता. केस विंचरायला घेतले की एक बाजू सकाळी व्हायची आणि दुसरी बाजू संध्याकाळी.

"आपण जायचं?" तिनं हळूच विचारलं.

राजवर्धननं आईकडं बघितलं. दुकानात त्याचा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू जायचा, पण धोंडुबाईंच्या पुढ्यात तो घरातल्या पंख्याएवढाच आवाज करायचा.

"जावा की," धोंडुबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं जावा. ऋता ऱ्हाईल माझ्यापाशी."

"आत्या, तुम्हालाही यायचंय. चौघांचं आहे."

"मी न्हाय. आणि पोर बी पाण्यावर जायची न्हाय." त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतला. धोंडुबाईंनी ताटात हात धुतला म्हणजे विषय संपला, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं.

अडचण अशी होती की ऋता आईच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय झोपत नसे. तिला ठेवून एक रात्रही बाहेर काढणं वर्षाला जमलं नसतं, आणि जमावं असं तिला वाटतही नव्हतं. आत्या नाही म्हणाल्या म्हणजे ऋता नाही. ऋता नाही म्हणजे वर्षा नाही. एवढा सरळ हिशेब होता.

धोंडुबाई उगीच आडवं लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं सारं आयुष्य शिरोळकडं, कृष्णेच्या काठाला गेलं. नवरा गेला तरी त्यांनी ना कुंकू पुसलं, ना बांगड्या उतरवल्या; ऊस, म्हशी आणि राजू तिघांना वाढवलं. पण लागोपाठचे दोन महापूर घराच्या माळवदाला टेकून गेले, आणि राजवर्धननं शेती चुलतभावाकडं सोपवून कोल्हापुरात, आर. के. नगरच्या चढावर घर घेतलं. घर बघायला आल्या तेव्हा धोंडुबाईंनी ना स्वयंपाकघर बघितलं, ना तुळशीची जागा. थेट वॉचमनला गाठून विचारलं, "हितं पाणी कुठवर येतंय?"

"हितं कुठलं पाणी, आजी," तो म्हणाला होता. "हितं नळालाच येत न्हाय."

"मग हेच घर घे राजू," असं म्हणून त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या होत्या.

अशा बाईला आता नदीवर राहायला चला म्हणायचं होतं.

सहलीची माहिती द्यायला कंपनीनं शहरातल्या एका हॉटेलात सगळ्यांना बोलावलं. पुण्याहून श्रेयस नावाचा प्रवास कंपनीचा माणूस आला होता, शर्टाची घडी न मोडलेला. पडद्यावर बोटीचे फोटो टाकत तो सांगत होता, की खोली लहान असते, पण खिडकी मोठी असते. एकदा बॅग उघडली की परत भरायची नाही, कारण आपण हलत नाही, आपली खोलीच गावोगाव जाते. फार मोठ्या बॅगा आणू नका, पलंगाखाली बसतील अशा आणा. सकाळी बोट काठाला लागेल, उतरून गाव बघायचं, विणकाम बघायचं, जेवायला परत बोटीवर. संध्याकाळी बोट थांबते, रात्री चालत नाही. अधूनमधून मोबाईलला रेंज नसते.

"मटण कवा असतंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"मासे भरपूर असतात सर."

"मासं ठीक हाय. मटण?"

श्रेयसनं कागदावर काहीतरी लिहून घेतल्यासारखं केलं.

"पावणं, एक सांगा," विजयसिंह उठून उभे राहिले. "जेवलो, झोपलो, गाव बघितलं. समजलं. पण ऱ्हायलेल्या वेळात माणसानं करायचं काय?"

"काही नाही सर. डेकवर खुर्च्या असतात. बसायचं. नदी बघायची."

दुकानातली लाईट गेल्यावर बघतात, तसे सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. दिवसभर काही न करण्यासाठी एवढ्या लांब जायचं, हे पचवायला डीलर लोकांना वेळ लागत होता. वर्षाराणीच्या मांडीवर ऋता बिस्किटाचा चुरा करत होती. तो चुरा साडीवरून झाडता झाडता वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं खाली वाकून चुरा गोळा करायला सुरुवात केली.

घरी आल्यावर तिनं धोंडुबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. खिडकी मोठी असते हे ऐकून त्या म्हणाल्या, "उघडती का?" रात्री बोट थांबते म्हटल्यावर हात थांबवून विचारलं, "कशाला बांधत्यात? झाडाला का खुंटीला?"

"ते नाही विचारलं."

"इचार. आणि रातीत पाणी वाढलं तर दोर सैल कोण सोडतंय, ते बी इचार."

वर्षानं श्रेयसला मेसेज केला. त्यानं उत्तर दिलं. धोंडुबाईंनी ते ऐकलं आणि पुढचा प्रश्न काढला. बोटीचा तळ सपाट हाय का निमुळता? वाळूवर अडकली तर ढकलायला किती माणसं? लहान पोराच्या अंगाला बसंल असं जाकीट असतंय का, का थोरल्याचंच बांधत्यात? तीन-चार दिवस अशी सवाल-जवाबाची बारी चालली. शेवटी श्रेयसचाच फोन आला. "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या सासूबाई नेव्हीत होत्या का?"

"न्हाय म्हणावं, उसात हुती," स्पीकरवर ऐकून धोंडुबाई म्हणाल्या. पण गालातल्या गालात हसल्याही. वर्षाला वाटलं, आता जमतंय. नको असलेल्या गोष्टीची माणूस इतकी चौकशी करत नाही.

मग एका दुपारी ऋताचा चेंडू दिवाणाखाली गेला. काढायला वर्षा वाकली, तर तिथं खताचं रिकामं पोतं दिसलं. रिकामं कसलं, चांगलं टम्म भरलेलं, तोंड काथ्यानं आवळून बांधलेलं. ओढून उघडलं तर आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा, ऋताचा जन्मदाखला, दोन काड्यापेट्या, मेणबत्त्या, बॅटरी, भडंगाचा डबा, गुळाचा खडा, ऋताचे लोकरीचे कपडे आणि जुन्या लुगड्याच्या फाडून केलेल्या लांब पट्ट्या.

"आत्या, हे काय?"

धोंडुबाई दारात उभ्या होत्या. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "तुमच्यासाठी भरलंया. पोरीला नेणारच म्हणून हट्ट धरलास तर असू दे म्हणून. बोटीत बसायचं म्हणजे एवढं लागतंय."

"आणि या पट्ट्या?"

"पोर पोटाशी बांधून घ्यायला."

वर्षाला आधी हसू आलं. आसामातल्या त्या खुर्च्या लावलेल्या डेकवर खताचं पोतं पाठीवर घेऊन आपण उभ्या आहोत, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं. पण हसू ओठापर्यंत येऊन थांबलं. ती जमिनीवर बसली आणि सासूला म्हणाली, "बसा की इथं. सांगा."

धोंडुबाई बसल्या. ऋता त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या बांगड्या वरखाली करायला लागली.

"मोठ्या पुरात बोट आली, तवा शेजारच्या संयोगितानं तिचं तान्हं माझ्या वट्यात टाकलं," त्या म्हणाल्या. "बोटीत जागा न्हवती. ती म्हटली, मी मागल्या फेरीनं येती. बोट सुटली. आमचं घर, देऊळ, शाळा, समदं पाण्यात. त्या पोराला काय, ते झोपलं. मी मात्र मागं बघत बसलेली. आई आली न्हाय तर ह्याला काय सांगू? काय पाजू? माझ्याकडं साधं दोन घोट दूध न्हवतं बघ, का एक कोरडं फडकं न्हवतं."

"आली का संयोगिता?"

"आली की. संध्याकाळी आली. पोर घेतलं आन् हसली. मीच रडली." त्यांनी ऋताच्या डोक्यावरून हात फिरवला. "तवापासनं बोट म्हटली की माझ्या मांडीवर दुसऱ्याचं पोर असतंय. तू मला भित्री म्हण, काय बी म्हण."

वर्षानं भित्री म्हटलं नाही. पोतं परत बांधून तिनं जागच्या जागी ठेवलं. ब्रह्मपुत्रेचा विषय त्या दिवशी घरात निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहा देता देता ती म्हणाली, "आत्या, आपण वाडीला जाऊ या. दत्ताचं दर्शन घेऊ आणि नावेत बसून पलीकडं जाऊन येऊ. ऋताला घेऊन. एवढंच. त्यानंतर तुम्ही नको म्हणालात, तर मी परत नाव काढणार नाही."

धोंडुबाईंनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्याल्या. "वटी भरल्याबिगर पाय ठेवायचा न्हाय," त्या म्हणाल्या.

नरसोबाच्या वाडीला ते गुरुवार टाळूनच गेले, गर्दी नको म्हणून. थंडी पडायला लागली होती. कृष्णा खाली उतरून शहाण्यासारखी वाहत होती आणि पलीकडच्या मळीत, काठच्या गाळाच्या रानात, वांग्याची झाडं ओळीनं उभी होती. दर्शन झालं. धोंडुबाईंनी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून खण, नारळ, बांगड्या, तांदूळ असं सगळं मांडलं आणि नदीची ओटी भरली. नदीशी त्या पुटपुटत काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण सूर मात्र विनवणीचा नव्हता. जावेशी बोलावं तसा होता.

नाववाल्यानं नाव पायरीला लावली. "या पावणं, बसा. सावकाश."

"नाव काय तुमचं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"आकाराम."

"पवायला येतंय का, आकाराम?"

"आता काय सांगायचं, मावशी. हितंच जलमलोय."

"बरं." त्यांनी लुगड्याचा काष्टा चाचपला, नावेच्या काठावर हात टेकला आणि दुसऱ्या क्षणी त्या आत होत्या, मधोमध, फळीवर. राजवर्धन बघत राहिला. ज्या क्षणाची त्याला आठवडाभर धास्ती होती तो आला कधी आणि गेला कधी, त्याला कळलंच नाही.

अडली ती वर्षा.

ऋताला कडेवर घेऊन ती पायरीवर उभी होती. एक पाय उचलायचा आणि त्या हलत्या लाकडावर ठेवायचा, एवढंच होतं. पण पाय उचलेना. पायरी आणि नाव यांच्यामध्ये वीतभर पाणी होतं, काळपट, आणि ते सारखं रुंद होत होतं, अरुंद होत होतं. वर्षा जोतिबाची. डोंगरावर नारळ-गुलालाच्या दुकानात वाढलेली. तिच्या माहेरी पाणी म्हणजे हंड्यातलं, नाहीतर टँकरचं. बोटीचे इतके व्हिडिओ बघितले, सासूला इतकं समजावलं, पण आपण स्वतः आजवर एकदाही पाण्यावर पाय ठेवलेला नाही, हे तिला आत्ता, या पायरीवर उमगलं. तिनं ऋताला आणखी घट्ट धरलं.

"अगं, चल की!" राजवर्धन हसायला लागला. "ब्रह्मपुत्रा तोंडपाठ हाय, आणि कृष्णेला अडली!"

"राजू, दात मिट," धोंडुबाई आतून कडाडल्या. "आणि तिच्या मागं उभा ऱ्हा. वर्षा, पोर दे आधी माझ्याकडं."

वर्षानं ऋताला पुढं केलं. त्या दोन हातांनी पोर अशी उचलून घेतली, की ऋताला वाटलं खेळच चाललाय, ती खुदकन हसली. धोंडुबाईंनी तिला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि मोकळा झालेला हात वर केला.

"आता तू. पाण्याकडं बघू नगंस. माझ्या तोंडाकडं बघ."

"आत्या, मला भीती वाटतीय."

"मग मला न्हाय व्हय? माझं भ्या तुझ्यापरीस थोरलं हाय. दोघी मिळून भिऊ की. ये."

वर्षानं त्या तोंडाकडं बघितलं. हनुवटीवर गोंदण, कपाळावर मळवटाएवढं कुंकू, आणि डोळ्यांत खरोखरची भीती, कुठंही न लपवलेली. तिनं तो हात धरला आणि पाय टाकला. नाव एका अंगाला कलली, तिच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली, आणि मग ती फळीवर बसलेली होती, सासूच्या मांडीला मांडी लावून. हात काही तिनं सोडला नाही.

आकारामनं काठाला बांबू टेकून नाव लोटली. घाटावरचा आवाज हळूहळू मागं राहिला. घंटा, पेढेवाल्यांच्या हाका, कुणाचं तरी रडणारं पोर, सगळं विझत विझत गेलं आणि नुसतं वल्ह्याचं चुबुक चुबुक उरलं. पाण्यावर ऊन सांडलं होतं. वर्षाचा श्वास सावकाश खाली बसला.

"लग्न करून आली ती काहिलीतनं," धोंडुबाई एकदम म्हणाल्या. "गुऱ्हाळात रस कढवत्यात न्हाय, त्या लोखंडी काहिलीतनं. पूल कुठला तवा? अंगावर शालू, आणि बूड काजळीनं काळं. ती एक खेप. मग पुरातली. हौसेनं ह्या नदीवर मी कवा बसलीच न्हाय बघ."

"मग कसं वाटतंय?" राजवर्धननं विचारलं.

"गप बस जरा. बघू दे."

तेवढ्यात ऋता त्यांच्या गुडघ्यांतून सरकली आणि काठावरून वाकली. तिला पाणी पाहिजे होतं. धोंडुबाईंचा हात वीज पडल्यासारखा पुढं गेला आणि त्यांनी फ्रॉकच्या मागचा पट्टा पकडला. आता त्या पोरीला मागं ओढणार, तिची पाठ धोपटणार आणि नाव फिरवायला सांगणार, हे वर्षाला दिसलंच. ब्रह्मपुत्रा, ती मोठी खिडकी, ती डेकवरची खुर्ची, सगळं त्या पट्ट्याला लोंबकळत होतं.

धोंडुबाईंनी ओढलं नाही. त्यांनी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे घेतले, तो गाठ घातल्यासारखा घट्ट केला, आणि ऋताला आणखी थोडी वाकू दिली. ऋताची बोटं पाण्याला लागली. पाण्यात बारीक रेघ उमटली आणि नावेबरोबर चालू लागली. ऋता ओरडली, "आजी, गार! गार हाय!"

"व्हय की गं. गारच असतंय," आजी म्हणाल्या.

पलीकडचा काठ आला तरी पट्टा मनगटालाच होता. परतीला नाव वळली तेव्हा त्या राजवर्धनकडं न बघता म्हणाल्या, "राजू, त्या श्रेयसला फोन कर. खोली मधल्या अंगाला दे म्हणावं, टोकाची नगं. आणि माझं बी नाव घाल."

"तू येणार?" राजवर्धनचा दुकानातला आवाज नदीभर घुमला. "आणि ऋता?"

"ऋता काय एकटी ऱ्हाणार हाय व्हय घरात? आन् ह्या वर्षाला चढवायला-उतरवायला कोण हाय? रोज गाव बघायला उतरायचं म्हणत्यात. तू काठावर दात काढत बसणार." मग वर्षाकडं वळून, आवाज खाली आणून, "जाकीट मी घालणार न्हाय. त्यात मी भोपळ्यागत दिसीन."

"घालायला लागतं, आत्या."

"मग फोटो काढायचा न्हाय."

वर्षा हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, पण या वेळी वाकून गोळा करायला बिस्किटाचा चुरा नव्हता. तिनं डोळे तसेच वाहू दिले आणि वाऱ्यावर वाळू दिले.

ऋता थकली. ओल्या हातानं आईच्या कानाची पाळी चिमटीत धरून तिनं मान टाकली, आणि नदीच्या मधोमध ती झोपूनही गेली. वर्षा पोरीच्या अंगाची ऊब घेऊन बसली. सासूचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता. मळीतून कुणीतरी वांग्याच्या पाट्या उचलून चाललं होतं, ते ती बघत राहिली. त्यात बघण्यासारखं विशेष काही नव्हतं. तरी ती बघत राहिली.

नाव घाटाला टेकली. आकारामनं दोर कडीत अडकवला. "उतरा पावणं, आला घाट."

राजवर्धन उठायला लागला, तसा धोंडुबाईंनी त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

"पोर झोपलीय, आकाराम," त्या म्हणाल्या. "तुमची खेप खोळंबली नसंल, तर बसतो जरा."

"बसा की. कोण हाय हितं?" आकारामनं वल्हं आडवं ठेवलं आणि कानामागची बिडी काढली. मग झोपलेल्या पोरीकडं बघून ती परत कानामागं ठेवली.